जरा रेंगाळ की गं

रविवारी मुंबईत फोटो काढायला कुठे जाऊ, ठिकाणांची यादी पाठव, असं म्हणालीस. यादी मी देणार नाही गं. यादी हातात पडली की तू सकाळपासून ठिकाणं उरकत सुटशील आणि रात्री फोनमध्ये उरतील ती गेटवे, मरीन ड्राइव्ह, सीएसएमटी अशी सगळ्यांकडे असतात तीच चित्रं. त्यापेक्षा तुला एक अख्खा दिवस सांगते. सकाळ गिरगावात, दुपार भायखळ्याला, संध्याकाळ माझगावात. तिन्ही जागा जुन्या मुंबईच्या पोटातल्या. तिन्हीकडे मोठा रस्ता सोडून दोन वळणं घेतली की हॉर्न मागे पडतात आणि कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायला लागतात.

ऐन मे महिन्यात? हो, मे महिन्यातच. पावसाळ्यात या गल्ल्यांवर ताडपत्र्या चढतात. नाताळात खोताच्या वाडीत आकाशकंदील बघायला एवढी माणसं लोटतात की भिंत दिसायची मारामार. मे महिन्यात मात्र शाळांना सुट्टी लागलेली असते आणि गिरगावातली कितीतरी कुटुंबं कोकणात गावी गेलेली असतात. जी मागे राहतात त्यांच्याकडे वेळ असतो. शिवाय गुलमोहर, बहावा आणि तामण हे तिघं एकाच वेळी फुललेले बघायला मिळतात ते या दिवसांतच. ऊन आहेच, पण उन्हाचंही काही शिकण्यासारखं आहे, ते पुढे सांगते.

त्याआधी तुझ्या चालण्याबद्दल बोलू दे. सांगलीत तू बाजारातून येताना चार ठिकाणी थांबायचीस, कुणाच्या दारातली जास्वंद बघत उभी राहायचीस. मुंबईत आल्यापासून तुझी चाल बदललीय. होस्टेल ते स्टेशन, स्टेशन ते ऑफिस, मान खाली आणि पावलं झपझप. परवा दादरला तुझ्याबरोबर चालताना मला धाप लागली. मी तेव्हा काही बोलले नाही, पण मनात राहिलं.

तुझं एकटीचंच असं होत नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी याच मुंबईचा अभ्यास करून २०११ साली ‘व्हाय लॉयटर?’ नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की या शहरात बाईला बाहेर पडायची मोकळीक आहे खरी, पण आपण काहीतरी कामासाठी चाललोय हे तिला सतत दाखवत राहावं लागतं. हातात पिशवी, कानाला फोन, नजर समोर. पुरुष नाक्यावर नुसता उभा राहतो, टपरीला टेकून अर्धा तास घालवतो, त्याला कुणी विचारत नाही. बाई तशीच उभी राहिली की बघणाऱ्यांना प्रश्न पडतो. पुस्तक वाचलं तेव्हा मला माझ्याच कितीतरी सवयींचा उलगडा झाला. बसस्टॉपवर बस यायची नसतानासुद्धा घड्याळात बघत उभं राहणं ही त्यातलीच एक.

कॅमेरा माझ्या हातात आला आणि मला रस्त्यावर थांबायला निमित्त मिळालं. भिंतीसमोर दहा मिनिटं उभी राहिले तरी लोकांना कळायचं, बाई फोटो काढतेय. तुझ्या हातात फोन आहे, तोही चालेल. ते निमित्त तू खुशाल वापर. पण मला तुझ्यासाठी हवंय ते याच्या पुढचं आहे. फोन पिशवीत असतानाही तुला एखाद्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहता यायला हवं, कुणाला काहीही न दाखवता. रविवारच्या दिवसाचा माझ्या मनातला हेतू तोच आहे. फोटो चांगले आले तर आनंदच आहे.

होमाई व्यारावाला तुला माहीत असतील. आपल्या देशातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. १९१३ साली नवसारीला जन्मल्या आणि मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. त्यांचे सुरुवातीचे फोटो छापून आले ते नवऱ्याच्या नावाने, कारण बाईच्या नावाला कोण विचारणार! पुढे दिल्लीत त्या साडी नेसून, अवजड कॅमेरा घेऊन सायकलवरून कामाला जायच्या. स्वातंत्र्याच्या काळातले कितीतरी प्रसंग आपण आज बघतो ते त्यांच्या डोळ्यांनी. मला त्यांचे मुंबईतले आधीचे फोटो जास्त जवळचे वाटतात. जे. जे.मधल्या मैत्रिणी, सहली, शहरातलं साधं जगणं. तुझ्याच वयाची मुलगी आपल्याच शहराकडे बघतेय, हे त्यात दिसतं. कुठे मिळाले तर शनिवारी रात्री बघून ठेव.

आता तयारी. सुती कपडे घाल, आणि चपला पायाला सरावलेल्या, नव्या कोऱ्या नकोत. छत्री घे, फिक्या रंगाची असेल तर बरं. पाण्याची मोठी बाटली आणि चिमूटभर मीठ-साखर. पाण्याचं मुद्दाम सांगते, कारण तू काय करतेस ते मला ठाऊक आहे. बाहेर पडायचं असलं की सकाळपासून पाणी पीत नाहीस, म्हणजे बाथरूम शोधायला नको. आपण सगळ्या हेच करत आलो. मुंबईत यावरूनच २०११ साली ‘राइट टू पी’ ही मोहीम उभी राहिली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना त्याच कामाचे पैसे, तेही जागा सापडली तर, हा त्यांचा साधा सवाल होता. या घामाच्या हवेत पाणी न पिता फिरलीस तर दुपारपर्यंत डोकं धरून बसशील, आणि लघवीची जळजळ मागे लागेल ती वेगळीच. म्हणून मी दिवसच असा आखलाय की अधूनमधून सोय होत राहील. सकाळी स्टेशन, मग नाश्त्याचं उपाहारगृह, दुपारी संग्रहालय. पाळीची तारीख जवळ असेल तर रविवार पुढे ढकल, नाहीतर सगळं सामान जवळ ठेव. शहर कुठे पळून जात नाही.

पहाटेची लोकल पकड आणि सातच्या आत चर्नी रोडला उतर. भुयारी मेट्रोचंही गिरगाव स्टेशन आता झालंय, पण रविवारी मेट्रो उशिरा सुरू झाली तर तोवर आपला उजेड निघून जाईल. पूर्वेला बाहेर पडून गिरगाव चर्च विचार, कुणीही सांगेल. खरं नाव सेंट तेरेझा चर्च. रविवारी सकाळी तिथे मिस्साला आलेली माणसं दिसतील, इस्त्रीचे कपडे, आज्यांच्या हातात छोट्या पर्सेस. चर्चच्या समोरच्या बाजूला खोताच्या वाडीची गल्ली.

पाठारे प्रभू समाजातल्या दादोबा वामन खोतांच्या नावावरून ही वाडी ओळखली जाते. त्यांच्या जमिनीवर ईस्ट इंडियन कुटुंबांनी घरं बांधली. ईस्ट इंडियन म्हणजे आपल्याच उत्तर कोकणातली, पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेली माणसं. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात, त्यांनी हे नाव घेतलं. बोली त्यांची मराठीच. तेव्हा घरांची पोर्तुगीज धाटणी आणि पाट्यांवरची डिसोझा, परेरा ही नावं बघून उगाच इंग्रजीत सुरुवात करू नकोस. मराठीत बोल आणि बघ कसा चेहरा खुलतो.

वाडीत शिरलीस की पहिला अर्धा तास फोन पिशवीतच ठेव. हे मी अगदी कळकळीने सांगतेय. नुसती चाल. गल्ली इतकी अरुंद आहे की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला जरा कडेला व्हावं लागतं. दोन्ही बाजूंना लाकडी घरं, मंगलोरी कौलं, पुढे व्हरांडा, बाहेरून वर जाणारा जिना, छपराच्या कडेला नक्षीदार लाकडी झालर. ही वाडी वारसा-परिसर म्हणून नोंदलेली आहे, तरीही पूर्वीच्या घरांपैकी निम्मीसुद्धा उरलेली नाहीत. मधूनच एखादी उंच इमारत उभी दिसेल. तिच्याकडे बघून नाक मुरडू नकोस. ज्यांनी जुनं घर सोडलं त्यांच्याही अडचणी असतात, गळणारं छप्पर असतं, महागलेली लाकडाची दुरुस्ती असते, भावाभावांतल्या वाटण्या असतात. फोटो काढायचा असेल तर जुनं घर आणि नवी इमारत दोन्ही एका चौकटीत घे, तेच खरं गिरगाव आहे.

चालताना कुणीतरी विचारणारच, “कोण हवंय?” या प्रश्नाने घाबरू नकोस. वाडीत ओळखीपाळखीशिवाय कुणी शिरत नाही, म्हणून विचारतात. खरं ते सांग, “कुणी नाही, घरं बघायला आलेय, फोटो काढले तर चालतील का?” कधी कपाळावर आठी दिसेल. त्यामागे कारण असतं. जुन्या घरांच्या वस्तीत कॅमेरा दिसला की लोकांना बिल्डरचा माणूस आला की काय अशी शंका येते. शिवाय लग्नाआधीच्या फोटोंसाठी जोडपी येतात, कुणाच्याही जिन्यावर बसतात, झग्याचा घोळ पसरतात आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दार उघडता येत नाही. नको म्हटलं तर हसून पुढे जा, पुन्हा विचारू नकोस. हा मोठ्या शहरातला रस्ता नसून त्यांचं अंगण आहे, तू तिथे पाहुणी आहेस.

आणि हो म्हटलं तर? तर लगेच फोन उगारू नकोस. थोडं बोल. एकदा एका आजींच्या घराची खिडकी मला फार आवडली होती, हिरव्या झडपांची. मी परवानगी मागितली तर म्हणाल्या, “खिडकी काय काढतेस, ती पोरानं परवा रंगवली. जिना काढ.” मग मी जिना बघितला. सागवानी पायऱ्या, प्रत्येक पायरी मधोमध झिजून खोलगट झालेली, आणि कठड्याचा शेवटचा गोळा हात लागून लागून काळाभोर, चकचकीत. वरून तिसऱ्या पायरीची झीज उजव्या बाजूला सरकलेली होती. तिथे वळताना सगळे भिंतीचा आधार घेतात, म्हणून. एवढी वर्षं त्या घरात चढ-उतार करणाऱ्या माणसाखेरीज हे मला कोण दाखवणार होतं? माझ्याकडच्या गिरगावच्या फोटोंमध्ये तो जिन्याचा फोटो मला सर्वांत प्रिय आहे.

आता उजेडाचं सांगते. सूर्य सहा वाजून गेल्यावर उगवतो, पण अरुंद गल्लीत जमिनीपर्यंत ऊन लगेच येत नाही. आधी ते एका बाजूच्या वरच्या मजल्यावर पडतं, आणि तिथून परतून समोरच्या व्हरांड्यात मऊ होऊन येतं. तू त्या परतलेल्या उजेडाकडे लक्ष ठेव. व्हरांड्यात बसलेल्या माणसाचा चेहरा त्यात इतका सुरेख उजळतो की आणखी काही करावं लागत नाही. उन्हात असलेल्या भिंतीच्या मागे लागलीस तर सावलीतलं सगळं काळं पडेल. फोनच्या पडद्यावर चेहऱ्याला बोट लाव, मग बोट हळूच खाली ओढून उजेड थोडा कमी कर. मे महिन्यात उजेडाच्या बाबतीत हा आखडता हात नेहमी ठेव. लाल रंगाला तर जास्तच. गुलमोहर आणि सुकत घातलेल्या मिरच्या फोनमध्ये नुसता लाल डाग होऊन बसतात, उजेड कमी केला की पाकळी आणि देठ परत दिसायला लागतात.

घराचा फोटो घेताना फोन सरळ उभा धर, वर झुकवू नकोस, नाहीतर घर मागे कलंडल्यासारखं दिसतं. मागे सरकायला जागा नसेल तर अख्खं घर घेऊच नकोस. झालरीचा एक तुकडा पुरे.

वाडीतून निघालीस की जवळच केशवजी नाईकांच्या चाळी आहेत. १८९३ साली लोकमान्यांच्या हाकेनंतर इथे सार्वजनिक गणपती बसला, तो आजही बसतो. चाळीतल्या गॅलऱ्या, दाराबाहेर रांगेने चपला, कठड्यावर वाळवणं. इथे माझा एकच नियम आहे, दोरीवरचे कपडे आणि उघड्या दारातून दिसणारं घर मी टिपत नाही. लहान मुलं कॅमेऱ्यापुढे येऊन उड्या मारतील, पण आईवडिलांना विचारल्याशिवाय त्यांचा फोटो नको. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा फोटो कुठे टाकलास तर घराचा पत्ता, खुणा लिहू नकोस.

भूक लागली असेल. गिरगावात मिसळ, साबुदाणा वडा आणि पियूष मिळणारी मराठी उपाहारगृहं अजून आहेत. एकटी बसून खा, सावकाश. कुठल्याही टेबलावर एकट्या बाईला बसायचा हक्क आहे, कोपऱ्यातलंच टेबल बघू नकोस. नाश्ता होईतो फोन बंद करून पिशवीत तळाशी ठेव. उन्हात तापला की पडदा आपोआप अंधारतो आणि कॅमेरा चालेनासा होतो. पॉवर बँक लावून उन्हात चार्ज करत फिरणं तर अजिबात नको.

निघायच्या आधी जुन्या मुंबईबद्दल काही वाचायचं असेल तर गोविंद नारायण माडगावकरांचं ‘मुंबईचें वर्णन’ मिळव. १८६३ सालचं पुस्तक, मडगावहून आलेल्या माणसाने मराठीत या शहराचं केलेलं पहिलं सविस्तर वर्णन. वस्त्या, बाजार, वाहनं, माणसांचे पेहराव, सगळं त्यांनी डोळ्यांनी बघून लिहिलंय. तेही तुझ्यासारखेच बाहेरून आलेले, आणि म्हणूनच एवढं दिसलं त्यांना.

दुपारचं आता. भर उन्हात फोटो काढू नयेत असं सगळे सांगतात. चेहऱ्यांच्या बाबतीत ते खरं आहे, डोळ्यांच्या जागी काळे खड्डे दिसतात. पण मुंबईच्या मे महिन्यातलं बारा-साडेबाराचं ऊन ही फार वेगळी चीज आहे. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावरून जातो. मुंबईत त्यातला पहिला दिवस १५ मेच्या आसपास येतो, दुसरा जुलैच्या अखेरीस, तेव्हा ढगच असतात. मे महिन्यातल्या त्या दिवशी दुपारी साडेबाराला पाचेक मिनिटं उलटली की विजेच्या खांबाची सावली त्याच्या बुंध्यात गडप होते. ते ऊन उभ्या भिंतींना घासत खाली येतं. भिंतीचा प्रत्येक पोपडा, दगडातली टाकीची प्रत्येक खूण, झालरीचं प्रत्येक भोक त्यात उठून दिसतं. सकाळी सपाट वाटलेली भिंत त्या वेळी बघ. आणि सकाळभर अंधारी असलेली गल्लीची फरशी थोडा वेळ लख्ख उजळते. त्यासाठी सावलीत, छत्रीखाली उभी राहून पंधरा मिनिटं घालव. त्यापेक्षा जास्त नको, डोकं दुखायला लागेल. नाश्ता लांबला तर इथेच हे करून घे आणि मग निघ.

टॅक्सी किंवा बस धरून भायखळ्याला राणीच्या बागेत जा. रविवारी बागेत गर्दी उसळलेली असते, पेंग्विन बघायला रांग असते, तिकडे वळू नकोस. आपल्याला जायचंय ते आवारातल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात. बुधवारी ते बंद असतं, रविवारी उघडं. १८७२ साली व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणून ते लोकांसाठी खुलं झालं आणि १९७५ मध्ये त्याला भाऊ दाजींचं नाव दिलं. गोव्याहून मुंबईत आलेला हा डॉक्टर, संशोधक, समाजसुधारक, संग्रहालय उभं राहावं म्हणून झटणाऱ्यांपैकी एक. आत मुंबईतल्या माणसांच्या मातीच्या छोट्या मूर्ती आहेत, निरनिराळ्या जातीजमातींच्या पगड्या, लुगडी, दागिने घातलेल्या. शिवाय जुने नकाशे, बोटींचे नमुने. सकाळी ज्या गल्लीतून चाललीस ती नकाशात शोध. दोन तास बस इथे. पाय मोकळे कर, बाटली भर, बाथरूमला जाऊन ये. बाहेर बागेत घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती आहे, त्या बेटाला एलिफंटा नाव मिळालं ते याच्यावरून.

एक बारीकशी गोष्ट. एसी लोकलमधून किंवा थंड खोलीतून एकदम बाहेर आलीस की दमट हवेमुळे लेन्सवर धुकं धरतं. फोन काही मिनिटं पिशवीतच राहू दे, मग सुती रुमालाने पूस. बोटाने पुसलेल्या लेन्समुळे सगळे फोटो धुरकट येतात आणि आपण उगाच फोनला दोष देतो.

चारनंतर माझगाव. भायखळ्याहून अगदी जवळ आहे, टॅक्सीवाल्याला माथारपाखाडी सांग. खोताच्या वाडीइतकी तिची ख्याती झालेली नाही आणि तशीच राहावी असं मला वाटतं, म्हणून तुलाच सांगतेय. हीदेखील ईस्ट इंडियन वस्ती. घरं जरा मोकळी, अंगणात केळी, चाफा, मांजरं पायरीवर पसरलेली. मधोमध क्रूसाचं छोटं प्रार्थनास्थळ. लोकमान्यांचे सहकारी बॅरिस्टर जोसेफ बाप्टिस्टा इथलेच. लोक त्यांना काका म्हणायचे. होमरूल चळवळीत ते टिळकांच्या बरोबर होते, कामगारांच्या संघटनेसाठी झटले आणि १९२५ साली मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. एवढा मोठा माणूस या एवढ्याशा गल्लीत वाढला. गल्ली आजही तेवढीच आहे.

मे महिन्यात इथल्या घरांतून एक वास येतो आणि तुझी पावलं आपोआप मंद होतील. ईस्ट इंडियन लोकांचा बॉटल मसाला उन्हाळ्यातच वर्षाचा करून ठेवतात. वेगवेगळ्या जातींच्या मिरच्या, हळद, धणे, तीळ, खसखस आणि असं बरंच काही, घराघरांत प्रमाण निराळं. आधी ऊन दाखवायचं, मग भाजायचं, मग कांडायचं. तयार मसाला गडद रंगाच्या काचेच्या बाटल्यांत दाबून भरतात, म्हणजे उजेड लागून रंग आणि वास उडत नाही. आपल्याकडे आईची चटणी करायची धांदल आठव, तीच लगबग, तोच ठसका. एखाद्या घरापुढे मिरच्या वाळत असतील तर राखणीला बसलेल्या बाईशी बोल, “आमच्याकडे चटणीला इतकी मिरची घेतात, तुमच्याकडे किती?” एवढ्या एका प्रश्नावर मी कुणाच्या ओट्यावर तासभर बसलेय आणि फोटो काढायचं मनातही आलेलं नाही. तसं झालं तर होऊ दे.

ओट्यावर बोलावलं तर बस. घराच्या आत बोलावलं तर तुझं मन काय म्हणतं ते ऐक. बाई घरी असेल, वातावरण बरं वाटलं तर जा, नाहीतर उशीर होतोय सांगून निघ. त्यात संकोच कसला? कुणी उगाच मागेमागे यायला लागलं तर गल्लीतल्या पहिल्या उघड्या दुकानात शिर आणि दुकानदाराला मोठ्याने सांग. हे सांगताना माझा जीव थोडा खालीवर होतो, खोटं कशाला बोलू. पण भीतीपोटी मी तुला घरी बसवलं असतं, तर ते मला जास्त टोचलं असतं.

साडेपाचला ऊन उतरायला लागतं. डॉकयार्ड रोड स्टेशनजवळ भंडारवाड्याची टेकडी आहे, खाली पाण्याचा जलाशय आणि वर बाग, तिला बाप्टिस्टांचंच नाव दिलंय. पूर्वी याच टेकडीवर माझगावचा किल्ला होता, १६९० साली जंजिऱ्याच्या सिद्दीने तो उद्ध्वस्त केला. वाटेत ताडगोळेवाला दिसला तर घेऊन वर जा, सोलून गार खा. मुंबईत सगळे सूर्यास्त बघायला पश्चिमेच्या चौपाटीवर धावतात. इथे सूर्य तुझ्या पाठीशी असतो आणि त्याचं ऊन समोर बंदरावर, क्रेनवर, गोदामांच्या पत्र्यांवर पडतं, पत्रे तांबूस होतात. बागेत आजूबाजूच्या चाळीतल्या बायका येऊन बसतात, भाजी निवडत, गप्पा मारत. कुणाच्या हातात काही काम नसलं तरी त्या खुशाल बसलेल्या असतात, त्यांच्याजवळच्या बाकावर जागा धर. एक मात्र लक्षात ठेव, जवळच माझगाव डॉक आहे, तिथे नौदलाची जहाजं बांधतात. तिकडे झूम करून फोटो घेऊ नकोस, मनाईची पाटी दिसली तर ती पाळ, पहारेकऱ्याशी वाद घालू नकोस.

सूर्य सातनंतर मावळतो. अंधार पडायच्या आत उतर, डॉकयार्ड रोडहून हार्बरची गाडी मिळेल. रविवारी मेगाब्लॉक असतो, तेव्हा हार्बरच्या वेळा शनिवारीच बघून ठेव, नाहीतर थेट टॅक्सी कर.

रात्री दमलेली असलीस तरी एवढं कर. फोटो चाळताना प्रत्येकाखाली गल्लीचं नाव, वेळ आणि कुणाचं घर ते लिही, एखाद्या आजींनी काही सांगितलं असेल तर त्यांच्याच शब्दांत. या घरांतली काही पुढच्या वेळी नसतील, मग हे टिपणच उरेल. ज्यांचे चेहरे घेतलेस त्यांच्या फोटोंच्या प्रिंट काढ आणि पुढच्या रविवारी नेऊन दे. फोनवर पाठवते म्हणून नंबर घेऊ नकोस, जुन्या माणसांना हातात कागद लागतो, शिवाय त्या निमित्ताने तुझं पुन्हा जाणं होईल. दुसऱ्यांदा गेलीस की “कोण हवंय?” असं कुणी विचारणार नाही.

बाणगंगा आणि बॅलार्ड इस्टेट मी मुद्दाम मागे ठेवल्यात, त्या आपण दोघी मिळून जूनच्या आधी करू. रूममेटला सकाळीच सांगून ठेव कुठे चाललीस ते, आणि होस्टेलवर पोचलीस की आधी मला मेसेज टाक. फोटो उद्या पाठवलेस तरी चालतील.